कॅलिफोर्नियातील मालमत्ता कर: शेजाऱ्याच्या तिप्पट कर भरूनही शाळेसाठी पुन्हा वेगळे पैसे कशासाठी?

प्रश्न – दक्षिणखाडीकर

नमस्कार मंडळी. आम्ही गेल्या ऑक्टोबरमध्ये बे एरियात आमचे पहिले घर १४ लाख डॉलरना घेतले. व्यवहार पूर्ण झाला त्याच सुमारास मालमत्ता कराचे जे वार्षिक बिल आले, त्यावर घराचे करपात्र मूल्य ३,१०,००० डॉलर छापलेले होते आणि साधारण १.२ टक्के दराने होणारी रक्कम पाहून आम्ही निर्धास्त झालो. काही महिन्यांनी मात्र सुमारे ८,७०० डॉलरचे आणखी एक बिल थेट घरी येऊन पडले. कर्ज देणाऱ्या बँकेकडे आमचे इम्पाउंड खाते (मासिक हप्त्याबरोबर कराचे पैसे बाजूला ठेवून बँकेने ते भरायचे खाते) असूनही बँकेने त्या बिलाची दखल घेतली नाही आणि चौकशी केली तेव्हा ते आम्हीच भरायचे आहे, असे उत्तर मिळाले. पुढच्या वर्षापासून आमचा कर साधारण १६,८०० डॉलर होईल, असे दिसते. आमच्या शेजारच्या गृहस्थांचे घर अगदी आमच्याच नकाशाचे आहे. त्यांनी ते १९९६ साली घेतले आणि ते याच्या एक तृतीयांशही कर भरत नाहीत.

याची खंत एकवेळ बाजूला ठेवता येईल, पण मुलाच्या शाळेकडून दरवर्षी प्रत्येक कुटुंबाने ठरावीक देणगी द्यावी असे विनंतीपत्र येते, शिवाय करबिलावर स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे इथल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाच्या, नावाने पार्सल टॅक्सची (दर भूखंडामागच्या ठरावीक कराची) वेगळी ओळ असते. एवढा कर भरल्यावर शाळेला पैसे कमी कसे पडतात? दुसरा प्रश्न असा की, मागच्या अंगणात आई-वडिलांसाठी एक छोटे स्वतंत्र घर, म्हणजे ज्याला इथे एडीयू म्हणतात ते, बांधण्याचा आमचा विचार आहे. त्यामुळे संपूर्ण मालमत्तेचे पुनर्मूल्यांकन होईल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर – जमाखर्च

आपल्या प्रश्नातील हिशेबाचा भाग आधी घेतो, कारण तो सरळ आहे. ६ जून १९७८ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन १३, म्हणजे थेट मतदानाला ठेवलेला तेरावा प्रस्ताव, जवळपास दोन तृतीयांश मतांनी मंजूर केला आणि राज्याच्या घटनेत तेरा-अ हे कलम आले. त्यानुसार मूळ कर मालमत्तेच्या मूल्याच्या १ टक्क्याहून अधिक असू शकत नाही. त्यावर जे दशांश दिसतात ते मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांच्या परतफेडीसाठी असतात. जुन्या मालमत्तांचे मूल्य १९७५-७६च्या पातळीवर मागे नेले गेले आणि तेथून पुढे ते महागाईच्या दराने, पण वर्षाला कमाल २ टक्के इतकेच वाढू शकते. बाजारभावाशी पुन्हा सांधा जुळतो तो फक्त दोन प्रसंगी: मालकी बदलली तर, किंवा नवे बांधकाम झाले तर. म्हणून आपला आणि शेजाऱ्यांचा कर वेगळा आहे, तो घरे वेगळी आहेत म्हणून नव्हे, तर खरेदीची तारीख वेगळी आहे म्हणून.

आता त्या ८,७०० डॉलरविषयी. पहिल्या वार्षिक बिलावरचे ३,१०,००० हे मूल्य विक्रेत्याचे होते, कारण वार्षिक बिल १ जानेवारीच्या स्थितीवर निघते आणि त्या दिवशी घर त्यांचे होते. मालकी बदलल्यावर काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, असेसर (मालमत्तांचे मूल्य ठरवणारा अधिकारी) नवे मूल्य ठरवतो आणि दोन मूल्यांतील फरकावर, उरलेल्या आर्थिक वर्षापुरता कर पुरवणी बिलाने आकारतो. १९८३ पासून ही पद्धत आहे. आपल्या बाबतीत फरक १०,९०,००० डॉलरचा, त्यावर १.२ टक्क्याने वर्षाचे १३,०८० डॉलर होतात. ऑक्टोबरमधील खरेदीची आकारणी १ नोव्हेंबरपासून ३० जूनपर्यंत, म्हणजे आठ महिन्यांची होते आणि त्यासाठी ०.६७ हा गुणक लावतात. गुणाकार करून पाहिलात तर साधारण ८,७६४ डॉलर येतील. बिलात चूक नाही. पुरवणी बिल मालकाच्या पत्त्यावर जाते आणि सहसा इम्पाउंड खात्यातून भरले जात नाही. व्यवहाराच्या कागदांच्या गठ्ठ्यात तशी सूचना असते, पण सह्यांच्या त्या धांदलीत ती कोण वाचतो!

राहत्या घराच्या करपात्र मूल्यातून सात हजार डॉलर वगळणाऱ्या होमओनर्स एक्झेम्प्शनचा अर्ज केला नसेल तर तो करावा. वाचतात ते वर्षाला सत्तर-ऐंशी डॉलरच, पण अर्ज फुकट आहे आणि एकदाच करावा लागतो.

एडीयूबाबत चिंता नको. नव्या बांधकामाने जेवढी भर पडते तेवढ्याचेच मूल्यांकन होते, मूळ घर आणि जमीन यांचे मूल्य जसे आहे तसे राहते. समजा, असेसरने त्या भरीचे मूल्य ३ लाख डॉलर धरले, तर १.२ टक्के दराने वर्षाला ३,६०० डॉलर वाढतील आणि काम पुरे झाल्यावर पुन्हा एक पुरवणी बिल येईल, त्याची तरतूद आताच करून ठेवा. असेसर भरीचे बाजारमूल्य पाहतो, आपण कंत्राटदाराला दिलेली रक्कम हा त्याचा केवळ एक पुरावा असतो. १ जानेवारीला काम अर्धवट असेल तर अर्धवट कामाचेही मूल्य त्या वर्षीच्या बिलात धरले जाते. छप्पर बदलणे, जुन्याच्या जागी तशीच नवी कपाटे बसवणे, रंगकाम ही दुरुस्ती समजली जाते आणि तिच्यावर पुनर्मूल्यांकन नाही. पण तळमजल्यावरचे गॅरेज राहण्याजोगे केले तर ते नवे बांधकाम ठरते. आई-वडिलांपैकी कोणाला गंभीर, कायमचे अपंगत्व असेल तर त्यांच्या सोयीसाठी राहत्या घरात केलेले रॅम्प, रुंद दरवाजे, न्हाणीघरातील बदल यांना वेगळी सवलत मागता येते.

उत्तर – पाटीपेन्सिल

शाळांचा प्रश्न मात्र हिशेबाइतका सरळ नाही. मी काही वर्षे आमच्या डिस्ट्रिक्टच्या अंदाजपत्रक समितीत पालक म्हणून बसते आणि दरवर्षी कोणी ना कोणी नवा घरमालक नेमका हाच प्रश्न विचारतो. त्यामागे एक गृहीतक असते: मी भरलेला कर माझ्या गावातल्या शाळेत जातो. कॅलिफोर्नियात बहुसंख्य डिस्ट्रिक्टांच्या बाबतीत ते खरे नाही आणि ते खरे राहिले नाही याची सुरुवात प्रपोझिशन १३च्याही आधी झाली.

१९६८-६९ साली लॉस एंजेलिस काउंटीतील बाल्डविन पार्क डिस्ट्रिक्ट एका विद्यार्थ्यामागे ५७७ डॉलर खर्च करत होते आणि त्याच काउंटीतील बेव्हर्ली हिल्स १,२३२ डॉलर. गंमत अशी की बाल्डविन पार्कच्या रहिवाशांचा कराचा दर दर शंभर डॉलर मूल्यामागे ५.४८ डॉलर होता, तर बेव्हर्ली हिल्सचा अवघा २.३८. ज्यांची घरे स्वस्त, त्यांनी दुपटीहून चढ्या दराने कर भरूनही मुलांच्या पदरात निम्म्याहून कमी. सेरानो विरुद्ध प्रीस्ट या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये नेमक्या या आकड्यांवर बोट ठेवले आणि १९७६ मध्ये पुन्हा निर्णय देऊन डिस्ट्रिक्टांमधील ही तफावत आटोक्यात आणण्यास राज्याला भाग पाडले. विल्यम फिशेल या अर्थतज्ज्ञांचे म्हणणे असे की, स्थानिक कराचा स्थानिक शाळेशी असलेला संबंध या निकालाने तुटला आणि म्हणूनच दोन वर्षांत घरमालकांनी करावरच कुऱ्हाड चालवली. इतर अभ्यासक याच्याशी सहमत नाहीत, आणि मलाही ते अर्धेच पटते. त्या काळात घरांचे भाव इतक्या वेगाने चढत होते आणि राज्याच्या तिजोरीत इतकी शिल्लक पडून होती की लोकांना चिडायला न्यायालयाची गरज नव्हती.

प्रपोझिशन १३ नंतर मालमत्ता कराचे उत्पन्न एका झटक्यात निम्म्याहून अधिक घटले. तो १ टक्का काउंटी, शहर, शाळा, कम्युनिटी कॉलेज, पाणी आणि अग्निशमन यांसारखी विशेष डिस्ट्रिक्टे यांच्यात कसा वाटायचा हे तेव्हापासून राज्याचा कायदा ठरवतो. शाळांची उणीव राज्याने आपल्या तिजोरीतून भरून काढायला सुरुवात केली. १९८८ च्या प्रपोझिशन ९८ ने शाळा आणि कम्युनिटी कॉलेजांसाठी किमान रकमेची हमी घटनेत घातली. पण राज्याची तिजोरी प्राप्तिकरावर, त्यातही वरच्या थरातील लोकांच्या भांडवली नफ्यावर फार अवलंबून आहे. शेअर बाजार आजारी पडला की इथल्या शाळेला शिंक येते, ती यामुळे.

२०१३-१४ पासून शाळांना पैसे वाटण्यासाठी एलसीएफएफ नावाचे सूत्र लागू आहे. प्रत्येक विद्यार्थ्यामागे इयत्तेनुसार मूळ रक्कम ठरते; इंग्रजी शिकणारी, कमी उत्पन्न गटातील आणि फोस्टर केअरमधील (सरकारी देखरेखीखाली आई-वडिलांपासून दूर वाढणारी) मुले यांच्यासाठी त्यावर २० टक्के वाढीव मिळतात आणि अशा मुलांचे प्रमाण ५५ टक्क्यांच्या वर गेले की आणखी भर पडते. गणना पटावरच्या नावांची होत नाही, सरासरी दैनंदिन हजेरीची होते. समजा, या सूत्राप्रमाणे एका डिस्ट्रिक्टला १० कोटी डॉलर मिळायला हवेत आणि स्थानिक मालमत्ता करातून ६ कोटी आले, तर राज्य ४ कोटी देते. आपल्यासारखी बरीच घरे विकली जाऊन स्थानिक कर ५० लाखांनी वाढला, तर राज्य आपला वाटा ५० लाखांनी कमी करते. डिस्ट्रिक्टचे दहाचे दहाच राहतात. आपल्या वाढलेल्या करबिलाचा आपल्या मुलाच्या वर्गाला थेट उपयोग होत नाही तो असा.

याला एक अपवाद आहे. ज्या डिस्ट्रिक्टांचा स्थानिक मालमत्ता करच सूत्रातील रकमेहून जास्त भरतो, ती डिस्ट्रिक्टे वरची रक्कम आपल्याकडे ठेवू शकतात. त्यांना बेसिक एड म्हणतात, पालो आल्टो त्यांतले सर्वपरिचित उदाहरण. तिथे घर चढ्या भावाने विकले गेले की शाळेला खरोखर काही मिळते. सेरानोच्या निकालाला पन्नास वर्षे होऊनही ही मुभा शाबूत आहे, याचे मला व्यक्तिशः वैषम्य वाटते. आपले डिस्ट्रिक्ट कोणत्या गटात मोडते हे त्याच्या अंदाजपत्रकाच्या पहिल्या काही पानांतच कळेल; ते पाहिल्याशिवाय देणगीच्या पत्रावर रागावू नये.

पार्सल टॅक्स ही या कोंडीतून काढलेली वाट आहे. मूल्यावर १ टक्क्याहून अधिक कर लावता येत नाही, म्हणून मूल्याशी संबंध नसलेला, दर भूखंडामागे सरसकट ठरावीक रकमेचा कर दोन तृतीयांश मतांनी लावतात आणि तो पूर्णपणे स्थानिक शाळेकडे राहतो. आपल्या बिलावरच्या ज्या थोड्या ओळींवर आपण आणि आपले शेजारी सारखेच पैसे भरता, त्यांतली ही एक. अर्थात ते पासष्टीच्या पुढचे असतील तर अनेक ठिकाणी त्यांना अर्ज करून तीही माफ होते. शाळेच्या इमारतींसाठीच्या कर्जरोख्यांचे गणित मात्र उलटे. २००० सालच्या प्रपोझिशन ३९ ने त्यांना ५५ टक्के मते पुरेशी केली, परतफेड करपात्र मूल्यावर वाटली जाते आणि त्यामुळे नव्या मालकाच्या डोक्यावर त्यातला मोठा भार बसतो. त्या पैशातून छप्पर होते, प्रयोगशाळा होते, पण शिक्षकाचा पगार देता येत नाही. नवी कोरी इमारत आणि ग्रंथपाल नाही, हे दृश्य आपल्याला दिसले तर त्याचे कारण हे आहे.

उत्तर – जुना घरमालक

वरचे दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु दुसरी बाजूही मांडली जावी. मी आपल्या शेजाऱ्यांसारखाच, तीन दशकांपूर्वी घर घेतलेला आणि आता निवृत्त झालेला माणूस आहे. माझ्या घराची किंमत कागदावर सहापट झाली, त्यातला एक डॉलरही माझ्या हातात आलेला नाही. बाजारभावाने कर लावला असता तर मला हे घर विकून जावे लागले असते. पुढच्या वर्षी कर किती असेल हे आज कळणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि तीस वर्षांनी हीच शाश्वती दक्षिणखाडीकरांनाही मिळणार आहे.

न्यायालयात हा मुद्दा गेला होता. लॉस एंजेलिसमधील स्टेफनी नॉर्डलिंगर यांनी १९८८ साली १,७०,००० डॉलरना घर घेतले आणि त्यांचा मूळ कर साधारण १,७०० डॉलर झाला. तशाच घराचा १९७५ पासूनचा मालक ३५८ डॉलर भरत होता. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी प्रपोझिशन १३ कायम ठेवले, कारण वस्तीचे स्थैर्य जपणे आणि जुन्या मालकाने ज्या भरवशावर घर घेतले तो राखणे ही सरकारची रास्त उद्दिष्टे असू शकतात, असे त्यांनी मानले.

उत्तर – पाटीपेन्सिल

त्याच निकालपत्रात हेही नमूद आहे की, नॉर्डलिंगरबाईंचा कर मालिबूच्या किनाऱ्यावरील २१ लाख डॉलरच्या घराच्या जुन्या मालकाच्या करापेक्षा जेमतेम काही डॉलरनीच कमी होता. न्यायालयाने ही व्यवस्था घटनाबाह्य नाही एवढेच म्हटले, ती शहाणपणाची आहे असे म्हटले नाही. निवृत्त माणसाला घर सोडावे लागू नये, हे मलाही मान्य आहे, पण त्यासाठी कर पुढे ढकलून घर विकताना वसूल करण्यासारखे उपाय आहेत. हेच संरक्षण मोठ्या कंपन्यांच्या इमारतींना आणि भाड्याने दिलेल्या घरांनाही मिळते, तिथे कोण आजोबा बेघर होणार आहेत? व्यापारी मालमत्तांना बाजारभावाने कर लावणारे प्रपोझिशन १५ नोव्हेंबर २०२० मध्ये साधारण ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी पडले, तेव्हा हा विषय नजीकच्या काळात बदलेल असे दिसत नाही.

उत्तर – मिशिगनकर

केवळ तुलनेसाठी लिहितो. आमच्याकडे मार्च १९९४ मध्ये प्रपोझल ए मंजूर झाले. शाळांचा भार मालमत्ता करावरून काढून विक्रीकर ४ टक्क्यांवरून ६ वर नेला आणि राज्य प्रत्येक विद्यार्थ्यामागे अनुदान देऊ लागले. करपात्र मूल्याची वार्षिक वाढ महागाई किंवा ५ टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढीच होते आणि घर विकले गेले की पुढच्या वर्षी ही मर्यादा सुटून मूल्य एकदम वर जाते. पुरवणी बिल येत नाही, त्यामुळे धक्का उशिरा बसतो; पण विक्रेत्याचे करबिल पाहून आपला मासिक हप्ता ठरवणारे खरेदीदार इथेही दरवर्षी फसतात. इतकेच की स्वतः राहत असलेल्या घराला शाळेच्या चालू खर्चासाठीचे १८ मिल (एक मिल म्हणजे करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरमागे एक डॉलर) माफ असतात, ते दुसऱ्या घरांवर आणि व्यापारी मालमत्तांवर लागतात. म्हणजे राहते घर आणि बाकी मालमत्ता हा भेद आमच्या कायद्यात आहे, तुमच्या प्रपोझिशन १३ मध्ये नाही.

प्रतिसाद – दक्षिणखाडीकर

सर्वांचे आभार. डिस्ट्रिक्टचे अंदाजपत्रक उघडून पाहिले; आमचे बेसिक एड नाही. आणखी एक शंका आहे. एडीयूच्या खर्चात माझा धाकटा भाऊ वाटा उचलणार आहे आणि आई-वडिलांची व त्याची नावे मालकीपत्रावर घालावीत असे घरात चालले आहे. वडील सत्तरीचे आहेत, तेव्हा ज्येष्ठांसाठीची सवलत मिळेल का?

उत्तर – जमाखर्च

मालकीपत्राला हात लावण्यापूर्वी कृपया थांबा. पती-पत्नींमधील हस्तांतरणावर पुनर्मूल्यांकन होत नाही, आई-वडील आणि मुले यांच्यासाठी अटींसह सवलत आहे, पण भावंडांसाठी अशी कोणतीही सवलत नाही. भावाचे नाव कोणत्या प्रकारच्या सहमालकीने घातले जाते यावर त्याच्या हिश्श्याचे पुनर्मूल्यांकन आज होणार की पुढे, हे ठरते. आपली खरेदी ताजी असल्याने आज फरक नगण्य असेल, वीस वर्षांनी तो नसेल. त्याचे पैसे कर्ज म्हणून लेखी नोंदवणे अधिक सुटसुटीत.

ज्येष्ठांच्या सवलतीचा आपल्याला उपयोग नाही. नोव्हेंबर २०२० च्या प्रपोझिशन १९ प्रमाणे ५५ वर्षांवरील मालकाला आपल्या राहत्या घराचे जुने करपात्र मूल्य राज्यात कुठेही नव्या घरी तीन वेळा नेता येते, पण ते जुने घर कॅलिफोर्नियातच असावे लागते. त्याच प्रपोझिशनने वारशाची सवलत आकसली. १६ फेब्रुवारी २०२१ पासून आई-वडिलांचे राहते घर मुलाने स्वतः राहण्यासाठी एका वर्षाच्या आत वापरले तरच जुने मूल्य टिकते, आणि तेही बाजारभाव व जुने मूल्य यांतील फरक सुमारे १० लाख डॉलरच्या, वेळोवेळी वाढवल्या जाणाऱ्या मर्यादेत असेल तोवर. मर्यादेच्या वरचा फरक मूल्यात मिळवला जातो. पूर्वीसारखे वारशाने आलेले घर भाड्याने देऊन जुना कर भरत राहणे आता शक्य नाही, हे येथील इतर वाचकांनीही लक्षात घ्यावे.

आणि आपल्या घराचा भाव पुढे खरेदीकिमतीच्या खाली गेला, तर असेसरकडे तात्पुरत्या घटीची मागणी करता येते. ही तरतूद नोव्हेंबर १९७८ च्या प्रपोझिशन ८ ची. मात्र भाव सावरला की मूल्य २ टक्क्यांची मर्यादा न पाळता पूर्वपदावर चढते, तेव्हा ती बचत कायमची समजू नये. वार्षिक मूल्यांकनावरील अपील २ जुलैपासून, काउंटीनुसार १५ सप्टेंबर किंवा ३० नोव्हेंबरपर्यंत दाखल करता येते. पुरवणी मूल्यांकनाला सामान्यतः सूचना टपालात पडल्यापासून ६० दिवसच मिळतात, म्हणून एडीयू पूर्ण झाल्यावर येणारा लिफाफा बँकेच्या जाहिरातींबरोबर बाजूला टाकू नका आणि आराखडे, कंत्राट, देयके हे सारे एका फाइलमध्ये ठेवा. असेसरने भरीचे मूल्य अवाजवी धरले आहे असे वाटले, तर सुनावणीला न्यायचे पुरावे तेच आहेत.